वर्षभर कोंडा जात नाही, सलूनवालाही केस कापायला कां-कू करतो. हा सोरायसिस असेल का?

असू शकतो. खपल्या कपाळावर केसांच्या कडेबाहेर आणि कानांमागेही आल्यात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून म्हणतोय. साधा कोंडा पांढरट किंवा पिवळट, बऱ्याचदा तेलकट असतो. सोरायसिसची खपली जाड, कोरडी, चंदेरी. ओढून काढली तर खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. (करून बघू नका.) कधी दोन्ही एकत्रही असतं, त्यामुळे स्किनच्या डॉक्टरांना दाखवाच. मुंबईत केईएम, सायन, नायर, तिन्ही हॉस्पिटलांत त्वचेची ओपीडी आहे. केसपेपरसाठी सकाळी लवकर जा.

मलाही हेच आहे, बरीच वर्षं. दोष शाम्पूचा नाही की पाण्याचा नाही. प्रतिकारशक्ती बिथरते आणि ज्या पेशी महिनाभरात सावकाश वर यायच्या, त्या तीन-चार दिवसांत विरार फास्टच्या गर्दीसारख्या दारात येऊन थडकतात. झडायला सवड नाही, मग थर साचतात. संसर्गाचा प्रश्नच नाही. कंगव्याने, टॉवेलने हा कुणाला होत नाही, हे सलूनवाल्याला बिनधास्त सांगा. फक्त मशीन हलक्या हाताने चालवायला लावा, कारण ओरखडा पडला की तिथे नवा चट्टा उठू शकतो.

डॉक्टरांनी दिलेलं लोशन बहुतेकांच्या केसांनाच लागतं, कातडीपर्यंत पोचतच नाही. आधी तेल लावून खपली मऊ करायची, नखाने उचकटायची नाही, मग शाम्पू. केस वाळले की भांग पाडा, बाटलीचं तोंड थेट कातडीला टेकवा, थेंब सोडा, बोटाने टिपा. अर्ध्या इंचावर पुढचा भांग. कंटाळवाणं आहे, पण औषध लागू पडतं ते असं. स्टेरॉइडचं लोशन डॉक्टरांनी सांगितलं तितकेच दिवस. मनाने लांबवलं तर त्वचा पातळ होते. कोल टारच्या शाम्पूला डांबराचा वास येतो, घरचे नाक मुरडतील, मुरडू देत.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘मुळापासून बरा’ छाप जाहिरातींना भुलू नका. हा आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही. त्यांच्या औषधाच्या पुड्यांत स्टेरॉइड असलं, तर त्या बंद करताच आजार दुपटीने उसळू शकतो.

टक्कल पडेल ही भीती सोडा. खाजवून गळलेले केस सहसा परत येतात. त्यापेक्षा नखांकडे बघा. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील किंवा सकाळी बोटं आखडत असतील, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, कारण हा आजार सांध्यांतही उतरतो आणि तिथलं नुकसान भरून येत नाही.