खाडी शिकून पोट भरेल का?

प्रश्न : ताई, मुलगी भूगोल घेऊन बी.ए. झाली. एम.ए.ला तिला ‘राजकीय परिस्थितिकी’ शिकायची आहे. माझे वडील दिवागावच्या खाडीत मासेमारी करायचे, मी रिक्षा चालवतो. या विषयाचा उपयोग काय? नुसती भाषणे तर नाहीत ना? – एक पालक, ऐरोली

उत्तर : दादा, उपयोग आहे. निसर्गाची हानी कोणाच्या निर्णयाने होते आणि ती कोणाला सोसावी लागते, हे राजकीय परिस्थितिकी शोधते. आमच्या वाशीच्या सोसायटीत दर पावसाळ्यात जिन्याच्या पहिल्या पायरीला पाणी लागायचे. बैठकीत गुन्हेगार ठरलेला : पलीकडच्या झोपड्यांतले लोक नाल्यात कचरा टाकतात. हाच विषय शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने दोन पावसाळे वहीत भरतीच्या आणि पाणी चढण्याच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या. पाणी चढायचे ते मोठ्या भरतीला.

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोने होल्डिंग पॉण्ड बांधले. भरतीला झडपा मिटतात, पावसाचे पाणी तळ्यात थांबते, ओहोटीला खाडीत उतरते. खारजमिनीच्या बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची झडप, तुमच्या वडिलांना ठाऊक असेल, तशीच ही युक्ती. आमचे तळे गाळाने भरले होते, गाळावर खारफुटी माजली होती. ती तोडायला उच्च न्यायालयाची मनाई. मग वाद पेटला, झाडे की माणसे? या मुलीने वेगळेच विचारले : इतकी वर्षे गाळ साचू कोणी दिला? झडपा कोण बघतो? पाणी आधी कोणाच्या घरात शिरते? आधी शिरायचे ते त्याच झोपड्यांत. सोसायटीचा अर्ज नव्याने लिहिला गेला, त्यावर तिथल्या बायकांच्याही सह्या झाल्या. झडपा दुरुस्त झाल्या. गाळ अजून तसाच आहे, याची मला चीड येते.

असे प्रश्न विचारणे हाच हा विषय. पिअर्स ब्लेकी या ब्रिटिश अभ्यासकाने १९८५ मध्ये मातीच्या धुपीबद्दल हेच दाखवले. शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष देण्याआधी बघा, त्याला उतारावरची हलकी जमीन का कसावी लागते, चांगली जमीन कोणाकडे गेली.

आपल्याकडचा दाखला उरणचा. बंदराच्या भरावाने खाडीचे पाणी अडले, खारफुटी गेली. पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई द्यायचा आदेश दिला. खाडी कोणाची, कोणाचे किती गेले, हे तिथे कागदावर मांडावे लागले.

नोकरीचे म्हणाल, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आवश्यक केला आहे. वनहक्काच्या दाव्यांत आणि पर्यावरणविषयक सल्लागार संस्थांतही अशी माणसे लागतात. पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे लपवत नाही. तिने संगणकावर नकाशे करणे आणि सरकारी कागद वाचणे जरूर शिकावे, त्याशिवाय अडेल.

वडील हयात असतील तर प्रवेशाआधी तिला त्यांच्याजवळ बसवा. कोणत्या खाडीत काय मिळायचे, जाळे कुठे लागायचे, ते कधी थांबले, सगळे त्यांच्याच बोलीत तिने लिहून घ्यावे. ती वही झाली की मला दाखवायला पाठवा.