फिनी काउंटीत राहायला येण्याआधी

तुम्ही विचारलंय: मिस्टरांची न्यूयॉर्कची रेसिडेन्सी (डॉक्टरकीचं प्रशिक्षण) संपतेय, जे-1 वेव्हरवर (डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायच्या अटीवर मायदेशी परतण्यातून मिळणारी सूट) त्यांना अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फिनी काउंटीतल्या गार्डन सिटीत नोकरी मिळालीय, आणि तुम्ही दुसरीतल्या मुलीला घेऊन नाशिकहून थेट तिथेच उतरणार. नकाशावर नुसते हिरवे गोल दिसतात, तिथे माणसं राहतात का, आणि आपलं कोणी असेल का?

माणसं राहतात. आम्हीही वेव्हरवरच आलो होतो. सक्तीची तीन वर्षं कधीच संपली, तरी इथेच आहोत.

आधी आकार सांगते. फिनी काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) साधारण 3,372 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून जरा लहान. गोव्यात 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोक होते. इथे 2020 मध्ये 38,470. त्यातले 28,151 एकट्या गार्डन सिटीत, बाकीचे होल्कम्ब नावाच्या छोट्या गावात आणि शेतांवर विखुरलेले. त्यामुळे शहर सोडलं की दहा मिनिटांत घरं संपतात. मोठं शहर म्हणजे विचिटा, गाडीने साडेतीन तास.

ते हिरवे गोल म्हणजे शेतं. जमीन मैलभराच्या चौकोनांत मोजलेली आहे. एका चौकोनाचे चार भाग केले की प्रत्येकी 160 एकर. त्यात मधोमध बोअर आणि त्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी पाण्याची लांब नळी. पाऊस वर्षाला जेमतेम 480 मिलिमीटर, म्हणून सगळी मदार ओगालाला नावाच्या भूजलसाठ्यावर. तो हजारो वर्षांत साठलेला आहे. उपसा जोरात आणि भरणा नगण्य, त्यामुळे बोअर खोल खोल जातायत. शहरालगत आर्कान्सा नदी आहे, तिच्यावर पूलही आहे, पण खाली बहुतेक वेळा वाळूच. पाणी वरच्या अंगाला कोलोराडो राज्यात अडतं. त्यावरून कॅन्ससने 1985 मध्ये सुप्रीम कोर्टात दावा लावला होता. मी सांगलीची. पाण्यावरून राज्यं भांडतात याचं मला नवल वाटलं नाही. नदीत पोरं मोटरसायकली फिरवतात याचं मात्र वाटलं.

याच नदीचा आणखी एक इतिहास आहे. 1819 च्या तहाने ती अमेरिका आणि स्पेनच्या मुलखाची हद्द ठरली, 1821 पासून पलीकडे मेक्सिको. म्हणजे आज दक्षिण काठावर जिथे वाळूच्या टेकड्या आणि सरकारी बायसनचा (गव्यासारख्या रानटी गुरांचा) कळप आहे, तो भाग तेव्हा परदेश होता. आज काउंटीतले निम्म्याच्या आसपास लोक लॅटिनो, म्हणजे मुळात मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे, आहेत. त्यांना ‘बाहेरून आलेले’ म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. त्याही आधी हा शायान, कायोवा, कमांची लोकांचा शिकारीचा मुलूख होता, आणि त्यांना इथून हुसकावलं गेलं.

गार्डन सिटी वसली 1878-79 च्या सुमारास, रेल्वेच्या आधाराने. काउंटीचं नाव आधी सिक्वोया होतं, 1883 मध्ये फिनी झालं. नकाशात ईशान्येला जो वेडावाकडा तुकडा चिकटलेला दिसतो, ती पूर्वी गारफील्ड नावाची वेगळी काउंटी होती. मुख्यालय कुठे असावं यावरून रावाना आणि एमिनन्स ही दोन गावं तिथे हातघाईवर आली, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी मोजणीत निघालं की काउंटीला लागणारं 432 चौरस मैल क्षेत्रच तिच्याकडे नाही! 1893 मध्ये ती फिनीत विलीन झाली. आज दोन्ही गावं नकाशावरून गेलेली आहेत.

आता लोकसंख्येचं. इथली माणसं कामामागून आली. 1906 मध्ये बिटापासून साखर करणारा कारखाना निघाला, बीट खणायला मजूर आले. कारखाना 1955 मध्ये बंद पडला. 1980 मध्ये होल्कम्बजवळ गोमांसाचा प्रचंड कारखाना सुरू झाला. कामाला आधी व्हिएतनामी निर्वासित, मग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक, पुढे सोमाली आणि ब्रह्मदेशातले. तुम्ही शाकाहारी असाल तर आधीच सांगते: या गावाचं पोट गोमांसावर चालतं, आणि वारा फिरला की गुरांच्या गोठणांचा वास घरात येतो. गोमांसाचा आणखी एक कारखाना होता, 2000 च्या नाताळात जळाला तो पुन्हा उभा राहिलाच नाही. पहिल्यालाही 2019 मध्ये आग लागली तेव्हा गावाचा जीव टांगणीला लागला होता. तो चार महिन्यांत सुरू झाला.

सुरक्षिततेचं लपवणार नाही. 2016 मध्ये तिघांनी सोमाली कुटुंबांची इमारत उडवण्याचा कट केला होता. ते आधीच पकडले गेले आणि त्यांना 25 ते 30 वर्षांच्या शिक्षा झाल्या. रोजच्या जगण्यात मात्र दवाखान्यात, शाळेत, दुकानात वेगळा चेहरा ही इथे बातमी नसते. मुलीचं इंग्रजी कच्चं असलं तरी काळजी नको, शाळेला अशा मुलांची सवय आहे. तुम्ही स्वतः थोडं स्पॅनिश शिकून या. मिस्टरांना तर लागेलच.

‘आपलं कोणी’ म्हणाल तर भारतीय घरं मोजकी, मराठी त्याहून कमी, आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची अपेक्षा इथे ठेवू नका. कोथिंबीर आणि मिरच्या मेक्सिकन व व्हिएतनामी दुकानांत छान मिळतात. तूरडाळ आणि गोडा मसाला कुरिअरने मागवायचा किंवा विचिटाहून आणायचा.

दोन गोष्टी आत्ताच पक्क्या करा. पहिली, तुम्ही एच-4 वर (नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) याल, म्हणजे मिस्टरांचं आय-140 (ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) मंजूर होईपर्यंत तुम्हाला कामाचा परवाना नाही. सांगलीत मी बँकेत होते, इथे मला तो रिकामेपणा एकटेपणापेक्षा जड गेला. गावात 1919 पासूनचं कम्युनिटी कॉलेज आहे, कोर्स बघून ठेवा. दुसरी, नाशिकमध्येच गाडी चालवायला शिका.

घर मात्र आल्या आल्या विकत घेऊ नका. भाड्याचं बघा, तळघर असलेलं, कारण वसंतात टोर्नेडोचे, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळाचे, भोंगे वाजतात. विमान डॅलसहून येतं, छोटं असतं, तेव्हा मोठ्या बॅगा कमी करा. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते. मुलीचे लसीकरणाचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा.