वाचकांचे प्रश्न : कुणाचा तालुका सोपा, कुणाचं राज्य अवघड?

यावेळी विज्ञान स्पर्धांबद्दलची पत्रं एवढी आलीत की बाकी सगळं पुढच्या अंकावर ढकलतोय. बहुतेकांचा सूर एकच, आमच्याकडे कॉम्पिटिशन जास्त आणि शेजारच्यांना फुकटात मिळतं.

प्रश्न : आम्ही हवेली तालुक्यात राहतो. मुलगी आठवीत आहे, तिचं सांडपाणी गाळायचं उपकरण तालुका विज्ञान प्रदर्शनात दुसरं आलं आणि तिथेच संपलं. माझ्या बहिणीचा मुलगा वेल्ह्याला असतो, त्याची साधी पवनचक्की पहिली आली आणि जिल्ह्याला गेली. हा अन्याय नाही का? (एक आई, पुणे जिल्हा)

ताई, अन्याय म्हणाल तर आहे, पण तो तुमच्या मुलीवर कुणी मुद्दाम केलेला नाहीये, रचनाच तशी आहे. प्रदर्शन तालुका, जिल्हा, राज्य असं चढत जातं आणि वर किती उपकरणं पाठवायची ते तालुक्यावर ठरतं, तालुक्यात शाळा किती आहेत यावर नाही. साधारण प्रत्येक गटातला पहिला नंबर वर जातो, कुठे दोन घेतात, ते त्या वर्षीच्या पत्रकात असतं. आता हवेली म्हणजे पुण्याला चिकटलेला, शाळाच शाळा असलेला तालुका, आणि वेल्हे (आता राजगड तालुका म्हणायचं) म्हणजे डोंगरात विखुरलेल्या वाड्या. दोन्हीकडून जाणार एकच. जत्रेतल्या कुस्तीसारखं आहे हे, नारळ दोन्ही गावांत मिळतो पण एका गावात चार तालमी असतात आणि दुसऱ्यात एक.

पण माझं स्पष्ट मत सांगतो, हे बदलू नये. शाळांच्या संख्येवर जागा वाटल्या तर जिल्ह्याच्या मांडवात हवेली आणि शहरच दिसेल, वेल्ह्याचं पोरगं तिथवर पोचणारच नाही. शिवाय जिल्ह्याला सगळं पहिल्यापासून तपासतात, तालुक्याचे मार्क सोबत जात नाहीत. भाच्याची पवनचक्की खरंच साधी असेल तर तिथे कळेलच.

मुलीच्या उपकरणाबद्दल एक विचारतो. तक्ते, थर्माकोल, रंगरंगोटी यात किती दिवस गेले? एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांत मांडणी आणि सादरीकरणाला जेमतेम १० टक्के गुण आहेत, कल्पकतेला २०, नावीन्याला १५, शास्त्रीय विचाराला १५. पाणी गाळायची उपकरणं दरवर्षी ढिगानं येतात त्यामुळे परीक्षक पहिल्या नजरेतच कंटाळलेला असतो. तिनं गाळण्याआधीचं आणि नंतरचं पाणी मोजलंय का, किती दिवसांनी वाळू बदलावी लागते ते लिहून ठेवलंय का? हे असेल तर पुढच्या वर्षी त्याच उपकरणावर काम करा, नवीन करायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : सर मी नववीत आहे, लातूरला. माझा आत्येभाऊ कोटाला असतो, तो म्हणतो तुमच्या महाराष्ट्रात ज्युनिअर सायन्स ऑलिम्पियाडचा कटऑफ कमी लागतो म्हणून तुम्ही निघता. खरंय का? आणि मी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा द्यावी की हे?

आत्येभावाला सांग, लातूरच्या पोराला सोपं-अवघड शिकवू नकोस :) गंमत सोड, तो अर्धं खरं बोलतोय.

ऑलिम्पियाडची पहिली पायरी एनएसईजेएस ही देशभर होणारी लेखी परीक्षा, नोव्हेंबरच्या शेवटाकडे असते, आयएपीटी ही फिजिक्स शिक्षकांची संघटना घेते. ६० प्रश्न, २ तास, २१६ मार्क, बहुतेक प्रश्नांत चुकलं की मार्क कापतात. यातून निवडलेली मुलं पुढे आयएनजेएसओ या दुसऱ्या पायरीच्या परीक्षेला बसतात, ती मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची. निवड कशी होते ते नीट समजून घे, कारण सगळे गैरसमज इथेच आहेत. देशातल्या पहिल्या दहा जणांच्या मार्कांची सरासरी काढतात. तिच्या ८० टक्के किंवा जास्त ज्याला पडले तो कुठल्याही राज्याचा असो, थेट आत. आणि ५० टक्क्यांच्या खाली जो गेला त्याचा बहुतेक विचारच होत नाही. समज ती सरासरी १८० आली, तर १४४ वाला सुटला आणि ९० च्या खालचा गेला. मधल्या पट्ट्यात मात्र राज्य बघतात, तिथल्या मुलांच्या संख्येच्या प्रमाणात राज्याला जागा असतात आणि लहानातल्या लहान राज्यालाही निदान एक मिळावी असा नियम आहे.

म्हणजे कटऑफ राज्याप्रमाणे बदलतो हे खरं, पण तो फक्त मधल्यांसाठी. जिथे तयारीची मुलं खच्चून भरलेली तिथे हा आकडा वर सरकतो, कोटामुळे राजस्थानचं तेच होतं, देशभरची पोरं येऊन तिथून बसतात. महाराष्ट्र काही मोकळा नाही, इथे मुंबई-पुण्याचे फाउंडेशन क्लासवाले आहेतच. ईशान्येकडच्या एखाद्या राज्यातलं पोर तुझ्यापेक्षा कमी मार्कांत पुढे गेलं तर त्यानं तुझी जागा घेतली असं समजू नकोस, त्याची लढत तुझ्याशी नव्हतीच. आणि आयएनजेएसओनंतर राज्यबिज्य काही उरत नाही, तिथून साधारण पस्तीसेक मुलं शिबिराला जातात आणि त्यातून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला जाणारी टीम सहाचीच. २०१३ ला ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात झाली होती, तुझ्या सरांना आठवत असेल.

वयाची अट बघून घे पण, आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला १६ पूर्ण झालेले चालत नाहीत. नववीतल्या बऱ्याच मुलांचं गाडं इथेच अडतं आणि फॉर्म भरल्यावर कळतं.

आता होमी भाभा बालवैज्ञानिक. ही मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची, १९८१ पासून चालू, फक्त सहावी आणि नववीला. लेखी झाली की प्रॅक्टिकल, मग प्रोजेक्ट आणि मुलाखत. दोन्हींची तुलना करून अवघड कुठली ते ठरवता येणार नाही कारण मोजतात वेगळंच. एनएसईजेएसमध्ये तुझ्या हाताला काही कामच नाही, नुसता वेग आणि डोकं. होमी भाभात लेखीत पाठांतरावर तरलेली मुलं प्रॅक्टिकलला भिंग हातात घेऊन नुसती उभी राहतात. मुंबई-ठाण्यात तर प्रॅक्टिकलचेसुद्धा क्लास आहेत, त्यामुळे लातूरहून जाताना शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली सरांकडून मागून घे आणि रोज तासभर काहीतरी मोजत बस. नववी दोन्हीला चालते, अभ्यास बराचसा तोच, दोन्ही दे की.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत शिकवते. इन्स्पायर मानकला (शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांची केंद्र सरकारची योजना) देशभरातून लाखो कल्पना येतात, त्यात आमच्या सातवीच्या मुलांचं काय होणार? त्यापेक्षा तालुका प्रदर्शनच बरं ना?

मॅडम, आकड्याला घाबरू नका. योजनेचा आराखडा ढोबळमानानं असा, १० लाख कल्पना, त्यातल्या १ लाख निवडायच्या, राज्य पातळीला १० हजार, राष्ट्रीयला १ हजार, शेवटी ६०. म्हणजे शेवटचा टप्पा सोडला तर प्रत्येक टप्प्यावर दहात एक. ज्या तालुक्यात एका गटात चाळीस उपकरणं मांडलेली असतात तिथे चाळीसात एक असतं, मग अवघड काय झालं?

दुसरं म्हणजे पहिल्या गाळणीत कुणी मॉडेल बघत नाही, फक्त लिहिलेली कल्पना वाचतात. सजावटीला पैसे नाहीत, बाबा इंजिनिअर नाहीत, काही फरक पडत नाही. मराठीत लिहिलं तरी चालतं. निवड झाली की १० हजार रुपये मुलाच्या खात्यात येतात आणि उपकरण त्यानंतर बनवायचं. तालुका प्रदर्शनात हेच उलटं आहे, आधी खर्च आणि मग नंबर.

फक्त एक करा, नेटवरची कल्पना टाकू नका. स्मार्ट डस्टबिन, आंधळ्यांची काठी, पावसात आपोआप आत जाणारी कपड्यांची दोरी, हे सगळं त्या लोकांनी शेकड्यांनी वाचलंय. मुलांना विचारा घरी कुठल्या कामाला आईची पाठ दुखते. भात लावणी, मोहाची फुलं वेचणं, कांद्याची पात कापणं, यातून जे निघेल ते शहरातल्या मुलाला सुचणारच नाही. आणि प्रदर्शन सोडायची गरज नाही, तीच कल्पना तिथेही मांडता येते.

प्रश्न : फ्रीमाँट, कॅलिफोर्नियात असतो. मुलाची टीम सायन्स ऑलिम्पियाडच्या (ही इकडची शाळांच्या टीमची वेगळी स्पर्धा) रिजनलला, म्हणजे विभागाच्या फेरीला अडकते, आणि दुसऱ्या स्टेटमधल्या मित्रांची टीम दर वर्षी स्टेटला जाते. मूव्ह व्हावं का?

दादा, स्पर्धेसाठी घर बदलणारे कोटात भेटतात, तुम्ही पण? तुमच्या राज्याची उत्तर आणि दक्षिण अशी दोन वेगळी स्टेट टुर्नामेंट होतात, ती कॉम्पिटिशन आहे म्हणूनच. आणि नॅशनलला एका राज्यातून एक किंवा दोनच टीम जातात, म्हणजे बे एरियात अडकलेली टीम दुसरीकडे सहज पुढे गेली असती हे मान्यच आहे. पण १५ जणांची टीम आणि २३ इव्हेंट, तुमचा मुलगा त्यातले तीन-चार करत असेल. त्याच्या इव्हेंटला त्याचा कितवा नंबर आला ते विचारा. टीम अडकली तरी इव्हेंटची मेडल वेगळी मिळतात. तो तिथे वर असेल तर टीमचं बाकीच्या इव्हेंटमध्ये कुठे अडतंय ते कोचशी बोला, घराचं नंतर बघू.