सायकल-प्रश्नोत्तरं : सड्यावरून स्वीडनच्या रानात

स्कँडिनेव्हियातल्या रानवाटांवर आणि तलावाकाठी माउंटन बाइक चालवण्याबद्दल कोकणातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. त्यांच्या पोटातून इथल्या जांभ्याचे आणि खाऱ्या हवेचेही प्रश्न निघाले. त्यांनाही जागा दिली आहे.

ऑगस्टमध्ये स्वीडनच्या दालार्ना भागात नातेवाइकांकडे जातोय. सिल्यान तलावाच्या परिसरात सायकल चालवायची आहे. इथे सड्यावर २९ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) चालवतो, टायर २.२५ इंच, हवा ३५ पीएसआय. तिथे तेवढीच ठेवू का?
— एक वाचक, चिपळूण

नको. खरं तर ३५ इथेही जास्तच आहे. जांभ्याच्या धारेवर ट्यूब फुटेल या धास्तीनं आपल्याकडे सगळेच हवा ठासून भरतात. मग टायर दगडावर बसतच नाही, नुसता उडत राहतो. दालार्नातल्या वाटांवर स्प्रूस आणि पाइनची उघडी मुळं असतात आणि मध्ये मध्ये हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे. टायर मऊ असून मुळाभोवती दबला तरच पकड मिळते.

तुमचं वजन सामानासह ७५ किलोच्या आसपास, टायर ट्यूबलेस आणि रिमची आतली रुंदी २५ ते ३० मिमी असेल तर पुढे २०, मागे २३ पीएसआयपासून सुरुवात करा. मग एकेक पीएसआय कमी-जास्त करत पाहा. वळणावर टायर कडेला लोळल्यासारखा वाटला किंवा दगडावर रिम ठकठक वाजली की हवा कमी झाली असं समजा. ट्यूब वापरत असाल तर दोन्हीकडे चार-पाच पीएसआय वाढवावे लागतात, नाहीतर दगड आणि रिम यांच्यात चिमटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडभोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, दोष कमी हवेचा असतो.

हवेचं मापही थोडं जपून घ्या. उभ्या पंपावरचे १६० पीएसआयपर्यंतचे काटे २० च्या आसपास भरवशाचे नसतात, म्हणून कमी दाबासाठीचा वेगळा गेज घ्या. शिवाय घरात २२ अंशांना भरलेली २२ पीएसआय हवा बाहेर ६ अंशांच्या पहाटे जेमतेम २० उरते. त्यामुळे दाब निघताना दारात मोजा.

फोर्कमध्ये मावत असेल तर पुढचा टायर २.४ करावा, मात्र दोन्ही बाजूंना ६ मिमी मोकळी जागा राहते का ते आधी बघा. मागे २.२५ चालेल. तुम्ही स्वार होऊन उभे राहिलात की १२० मिमीचा फोर्क २४ ते ३० मिमी दबायला हवा. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, फार संथ ठेवू नका. लागोपाठ चार मुळं आली की संथ फोर्क वर यायच्या आतच पुन्हा दाबला जातो आणि चौथ्या मुळाला तो लाकडासारखा ताठ झालेला असतो.

सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमधली भोकं बुजवणारं द्रव, या मापाच्या एका टायरला ९० ते १०० मिली लागतं. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकून रबराचे गोळे होतात. चाक कानाशी हलवून पाहा, आत पातळ काही हललं नाही तर नवं घाला.

धामापूर तलावाकाठच्या रानात ओल्या मुळांवरून दोनदा घसरलो. स्वीडनमध्ये तर दलदलीवर लाकडी फळ्या टाकलेल्या असतात म्हणे. सराव कसा करावा?
— एक वाचक, मालवण

सरावाला पावसाळ्यातलं कोकण पुष्कळ आहे. ओलं मूळ निसरडं असतंच, पण माणूस पडतो तो बहुतेक वेळा त्यावर ब्रेक दाबल्यामुळे किंवा त्यावरच वळल्यामुळे. वेग मुळाच्या आधी, मातीवर असतानाच कमी करा. मूळ शक्यतो काटकोनात ओलांडा. तिरपं मूळ टाळता येत नसेल तर पुढचं चाक किंचित उचलून पलीकडे ठेवा. मागचं चाक थोडं घसरतं, त्याला घसरू द्या. हँडल घट्ट आवळून ते सरळ करायला गेलात की आडवे झालात. पेडल सपाट, टाचा थोड्या खाली, सीट खाली आणि नजर मुळाच्या पलीकडे. मुळावर असताना जोर लावून पेडल मारू नका, मागचं चाक जागीच फिरतं.

फळ्यांचा तो साकव अर्ध्या मीटरहून अरुंदही असतो. त्यावर चढण्याआधीच सायकल सरळ रेषेत आणा, हलका गिअर ठेवा, ब्रेक आणि वळण दोन्ही विसरा. फळ्यांमधली फट चाकाच्याच दिशेनं लांब जात असेल तर उतरून चालत जा, चाक त्यात अडकतं. घरी सरावासाठी २० सेंमी रुंदीची आठ-दहा फूट लांब फळी जमिनीवर टाका. कोरडी जमली की बादलीभर पाणी ओता.

एक फरक ध्यानात ठेवा. उघडा, स्वच्छ ग्रॅनाइट ओला असतानाही चांगला धरतो. घात करतं ते त्यावरचं ओलं दगडफूल. आपला जांभा कोरडा असताना कानशीसारखा धरतो आणि शेवाळ धरलं की त्याच्यावर उभंही राहवत नाही. म्हणजे दगडाचा रंग बघून ब्रेक धरायचा: काळपट-हिरवा दिसला की बोटं लिव्हरवरून सैल.

धामापूरचा तलाव १५३० सालचा आहे आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगानं त्याला वारसा सिंचन वास्तूचा मान दिला आहे. त्याच्या बांधावर आणि देवळाच्या पायऱ्यांवर सायकल घालू नका. आसपासच्या पायवाटांसाठीही गावात विचारून घ्या.

स्वीडन-नॉर्वेत कुणाच्याही जंगलात सायकल नेता येते, हे खरं का? मग आपल्याकडे सड्यावर का अडवतात?
— एक वाचक, गुहागर

बरंचसं खरं, पण ‘कुणाच्याही, कशीही’ असं नाही. स्वीडनमधल्या निसर्गात फिरण्याच्या सार्वजनिक हक्काला राज्यघटनेचा आधार आहे. नॉर्वेत १९५७ चा कायदा आहे. दोन्हीकडे खाजगी रानातल्या वाटेवरून परवानगीशिवाय जाता येतं. मात्र घराचं अंगण, उभं पीक आणि नवी लागवड वर्ज्य. राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव क्षेत्रांचे नियम वेगळे असतात, ते प्रवेशावरच्या फलकावर वाचावे लागतात. बर्फ वितळल्यावर आणि लांबलेल्या पावसात भुसभुशीत वाटांवर जाऊ नये, हा तिथला शिष्टाचार. चाकानं चर पडला की पाणी त्यातूनच वाहतं आणि वाट खचते. डेन्मार्क मात्र या हिशेबात धरू नका. तिथे खाजगी जंगलात फक्त आखलेल्या रस्त्या-वाटांवरून आणि दिवसाउजेडीच सायकल चालते.

आपल्याकडे असा कायदा नाही. सडा ओसाड दिसला तरी त्याचा सातबारा कुणाच्या तरी नावावर असतो, तेव्हा अडवणारा चुकत नाही. शिवाय रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती उथळ कोरलेली आहेत आणि गवत-मातीखाली सहज दिसत नाहीत, म्हणून मळलेली बैलगाडीची वाट सोडून आडवं जाऊच नका. पावसाळ्यात सड्यावर फुलं येतात तेव्हाही हेच. देवराईत सायकल नेऊ नये, हे सांगायची गरज नसावी.

समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर राहतो. वर्षाच्या आत चेन गंजली, सीटपोस्ट फ्रेममध्ये असा बसलाय की हलत नाही. मित्र म्हणतो खोबरेल लाव.
— एक वाचक, देवगड

खोबरेल केसांना. चेनला लावलं तर ते चिकट होतं आणि लाल माती धरून ठेवतं. त्या मिश्रणानं गिअरचे दाते झिजतात. इंजिन ऑइलचंही तेच. पावसाळ्यात सायकलच्या चेनचं ओल्या हवामानाचं तेल, उन्हाळ्याच्या धुळीत मेणाचं किंवा कोरड्या हवेचं. प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब टाका, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरचं सगळं फडक्यानं पुसून काढा. बाहेर दिसणारं तेल कामाचं नसतं. चेन केरोसीनमध्ये धुतलीत तर आधी पूर्ण सुकवा, नाहीतर तेल आत जाण्याआधीच पातळ होतं. ११-१२ गिअरची चेन मापकावर ०.५ टक्के ताणली की बदला. उशीर केलात तर कॅसेटचाही, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचाही, खर्च बसतो.

सीटपोस्ट अडकतो कारण पोस्ट आणि फ्रेम हे दोन धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की गंज फुगून मधली फट भरतो. क्लँप काढा, सांध्यात गंज सोडवणारं तेल टाका, दिवसभर थांबून पुन्हा टाका. मग जुनी सीट बसवून, तिलाच दांड्यासारखं धरून डावी-उजवीकडे फिरवा. हातोडा मारू नका. निघाला की आतला गंज काढून ग्रीस लावा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पोस्ट बाहेर काढून पुन्हा ग्रीस करा. फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, कार्बनची पेस्ट.

पुळणीवरून सायकल चालवणं सोडाच. फोटो छान येतो आणि हबच्या बेअरिंगमध्ये खारी वाळू जाते. गेलातच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. साधी नळी पुरते, गाड्या धुण्याच्या जागचा प्रेशरचा फवारा पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत घालतो. हेडसेटचं, म्हणजे हँडल जिथे फिरतं त्या सांध्याचं, खालचं बेअरिंग सगळ्यांत आधी जातं. श्रावणात एकदा फोर्क उतरवून ते पाहा. नवी चाकं बांधून घेणार असाल तर स्पोकचे निपल पितळेचे मागा, अल्युमिनियमचे इथे टिकत नाहीत.

डिस्क ब्रेकचे पॅड एका पावसाळ्यात संपले.
— एक वाचक, राजापूर

रेझिनचे असतील. जांभ्याचा चिखल त्यांना पॉलिश पेपरसारखा खातो. सिंटर्ड, म्हणजे धातूचे पॅड घाला. आधी रोटर, म्हणजे ब्रेकची तबकडी, पाहा: त्यावर फक्त रेझिन पॅड चालतील असं कोरलेलं असेल तर रोटरही बदलावा लागेल. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून पंधरा-वीस वेळा जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक लावा, पण चाक लॉक होऊ देऊ नका. चेनचं तेल रोटरवर उडालं असेल तर रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर ते फेकाच.

सायकल इथून न्यावी की तिथे भाड्यानं घ्यावी?
— एक वाचक, रत्नागिरी

दोन आठवड्यांपेक्षा कमी दिवस असतील तर भाड्यानं. फक्त आपले पेडल, हेल्मेट आणि सीट सोबत न्या. न्यायचीच असेल तर डावा पेडल उलट्या आट्याचा असतो हे लक्षात ठेवा. चाकं काढल्यावर ब्रेक कॅलिपरमध्ये प्लास्टिकची पट्टी घाला, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून फ्रेमच्या आत बांधा. ई-बाइकची बॅटरी प्रवासी विमानात चढू देत नाहीत.

तिथे गोचिडांपासून आजार होतात असं वाचलं. लस घ्यावी का?
— एक वाचक, दोडामार्ग

डॉक्टरांना प्रवासाच्या किमान तीन महिने आधी विचारा. गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर, म्हणजे टीबीईवर, जी लस आहे तिच्या पहिल्या दोन डोसांमध्ये एक ते तीन महिने जातात. स्टॉकहोमच्या बेटांवर आणि मेलारेन तलावाभोवती हा धोका जास्त. लाइम हा दुसरा आजार. त्याचे जंतू शरीरात जायला बहुधा एक दिवसाहून जास्त लागतो, म्हणून रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, जांघेत तपासणं हाच उपाय. टीबीईचा विषाणू मात्र चावताक्षणीच जाऊ शकतो. गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. त्यावर तेल, रॉकेल किंवा पेटती काडी नको. पुढच्या महिनाभरात लाल चकता पसरत गेला तर डॉक्टरांकडे.

तुमच्या तालुक्यात २०१६ पासून गोचिडांतूनच पसरणारा माकडताप आहे, तेव्हा हीच तपासणी डिसेंबर ते मे घरच्या रानातही करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.

कोणता महिना बरा?
— एक वाचक, सावंतवाडी

मध्य जून ते मध्य सप्टेंबर. नॉर्वेच्या डोंगरात बर्फ जुलैपर्यंत रेंगाळतो. १,२२२ मीटरवरच्या फिन्सेवरून जाणारी रालारवेगेन ही जुनी रेल्वे-बांधकामाची वाट बहुधा जुलैच्या उत्तरार्धात मोकळी होते. डास नको असतील तर उत्तरेकडे जुलै टाळून ऑगस्ट धरा. उत्तर स्वीडनमध्ये एल्कची शिकार सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होते, तेव्हा भडक नारिंगी जाकीट घाला. ऑस्लोत थांबणार असाल तर मेट्रोनं सोग्न्सवान तलावापर्यंत जा, नूरमार्काचं जंगल तिथूनच सुरू होतं. पहिल्या दिवशी हिरवी किंवा निळी खूण असलेलीच वाट घ्या. लाल आणि काळ्या वाटा अवघड असतात, आणि मुळांच्या वाटेवर ताशी ८-१० किलोमीटर हा चांगला वेग आहे, तेव्हा अंतर त्या हिशेबानं ठरवा.