निळ्या दिव्याखालचं बाळ

अगं, वॉर्डात नवीन सिस्टर आहेस म्हणून सांगते. काविळीचं बाळ निळ्या दिव्याखाली ठेवलं की आधी डोळ्यांवरची पट्टी बघ. सरकून नाकावर आली तर श्वास कोंडतो. अंगावर फक्त लंगोट. दर दोन-तीन तासांनी आईकडे दूध पाजायला दे. शी हिरवट, पातळ झाली तर घाबरू नको, कावीळ तिथूनही उतरते. कातडीच्या रंगावर मात्र जाऊ नको. उजेडानं ती फिकी पडते, खरं काय ते रक्त तपासल्यावरच कळतं. औशाकडची एखादी आजी म्हणेलच, 'कोवळ्या उन्हात धरते की!' तिला हसू नको. उन्हानं पिवळेपणा उतरतो हे १९५० च्या दशकात इंग्लंडात एका सिस्टरलाच दिसलं होतं. पण ऊन मोजून देता येत नाही, आणि लातूरचं मे महिन्यातलं तर नकोच बाई.