सिनेमावरून सायन्स फिक्शन कादंबऱ्या लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकाची ऑनलाइन मुलाखत घ्यायचीय, काय विचारू? (जळगाव, कॉलेजच्या अंकासाठी)

भो, पहिले तर "आयडिया कुठून सुचते" हे विचारूच नको, आयडिया स्टुडिओनेच दिलेली असते. त्यापेक्षा विचार की लिहायला बसला तेव्हा हातात काय होतं, तयार सिनेमा का नुसती स्क्रिप्ट? पुस्तक सिनेमासोबत दुकानात यायला लागतं म्हणून हे लोक बहुतेक वेळा स्क्रिप्टवरूनच लिहितात आणि मग एडिटिंगमध्ये उडालेले सीन पुस्तकात तसेच राहून जातात, इथे मस्त किस्से निघतील बघ. स्टार वॉर्सचं पुस्तक तर १९७६ लाच आलं, सिनेमा १९७७ चा. वर नाव जॉर्ज लुकासचं, लिहिलं अ‍ॅलन डीन फॉस्टरने! त्याची १९७८ ची पुढची कादंबरी तर कमी बजेटमध्ये शूट करता येईल अशीच लिहून घेतली होती.

मग परवानगीचं विचार. आउटलाइन कोण पास करतं, कोणतं पात्र मारायचं नाही वगैरे. कॉपीराइट बऱ्याचदा कंपनीचाच, म्हणजे दुसऱ्याच्या वावरात केळी लावल्यासारखं, घड मालकाचा. पैशाचं मात्र शेवटी काढ, आधी विचारलं तर माणूस आखडतो.

आणि आपली सकाळ म्हणजे तिकडे आदली रात्र, तर दोन्हीकडची वेळ लिहून पाठव. लाइटचा भरवसा नाही, फोन फुल चार्ज ठेव.