जुन्या कपड्यांचा धंदा करायचाय? गठ्ठा मागवू नकोस

तुझा प्रश्न वाचला. मिरजेची आहेस, फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा झालाय, हातात साठ हजार आहेत, मुंबईहून जुन्या जीन्स-शर्टांचे दोन गठ्ठे मागवून त्याची जॅकेटं, बॅगा करून इन्स्टावर विकायचं डोक्यात आहे, तर सुरुवात कुठून करू. तुला तू म्हणते हं, माझी लेक तुझ्याएवढीच आहे. गठ्ठे मागवू नकोस. बाकी सगळं नंतर, हे आधी.

का ते सांगते. मी यात पडले २०१९ च्या पुरानंतर. आमच्या सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं (धोक्याची पातळी ४५), आणि पाणी उतरल्यावर कुठनं कुठनं मदतीचे टेम्पो आले, त्यात जुने कपडे इतके की लोक म्हणायला लागले कपडे नको, झाडू आणि फिनेल द्या. ढीग पडून भिजायला लागले. मी त्यातली पाच पोती घरी आणली, मला वाटलं फुकटात लॉटरी लागली. धुवून निवडायला तीन आठवडे गेले आणि कामाचं निघालं दीड पोतं. उरलेलं म्हणजे इलॅस्टिक गेलेल्या लेगिंग्ज, टेरिकॉट, बगलेत कुजलेले शर्ट, आणि ते साडेतीन पोती टाकायचे कुठं हा वेगळाच ताप. गठ्ठ्यात पण असंच असतंय बघ, फक्त तिथं तू पैसे मोजलेले असतात.

आता जीन्सचं गणित. जीन्सच्या पायाची आतली शिवण दुमडून डबल टीप मारलेली असते, ती धड उसवायला मला चाळीस मिनिटं लागतात. एका जॅकेटला तीन जीन्स, म्हणजे कात्री लावायच्या आधीच दोन तास गेले. मग कटिंग-शिलाई पाच तास. सात तासांचे सत्तरने धरले तरी ४९०, जीन्स २४०, अस्तर-चेन-दोरा अडीचशे, झाले ९८०, आणि यात फोटो, कुरियर, परत आलेला माल, तुझा नफा काहीच नाही. मग जॅकेट १८०० ला ठेवावं लागतं आणि १८०० म्हटलं की आपल्याकडची बाई म्हणते, अगो, यात नवीन येतंय की. शिवाय दुसऱ्या कुणाचं तरी घातलेलं. आपल्या लोकांना ते चालत नाही. 'गेलेल्या माणसाचं असलं तर?' हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही पण मनात असतोच.

पण बाळाला मात्र पहिलं कापड जुनंच लागतं! दुपटी, लंगोट आजीच्या धुवून धुवून मऊ झालेल्या सुती लुगड्याचे, आणि थंडीत आपल्या घराघरात वाकळ, म्हणजे गोधडी, ती पण जुन्या साड्यांचीच. म्हणजे लोकांना जुन्याचं वावडं नाही, परक्याच्या जुन्याचं आहे. हे माझ्या टाळक्यात शिरायला दोन वर्षं गेली, तोवर माझी पहिली वीस जॅकेटं कपाटात.

तेव्हा गिऱ्हाइकाचंच कापड घे आणि शिलाई लाव. आईची इरकल, आजीचं नऊवारी, ज्या साड्या नेसवत नाहीत आणि बोहारणीला देऊन डबा घ्यायला जीव होत नाही त्या. त्याचं डोहाळजेवण असलेल्या बाईसाठी जॅकेट, बारशाला दुपटं-कुंचीचा सेट, नाहीतर भावंडांत वाटायला एकाच साडीच्या चार उशा. (परवा एका भावाने आईच्या साडीचा शर्ट शिवून घेतला, खिशावर काठ लावलेला, घालून दाखवताना रडायला लागला, मी चहा टाकायला आत गेले.) माल विकत घ्यायचा नाही, पडून राहायचा नाही, किळस नाही, आणि इथं शिलाईला घासाघीस कमी होते कारण तसलं कापड दुसरीकडं मिळतच नाही.

पण जबाबदारी मोठी. चुकलं तर दुसरी साडी आणून देता येत नाही. म्हणून साडी हातात आली की कात्री लांब ठेवायची. आधी उजेडासमोर धर. निऱ्यांच्या घडीवर आणि काठाला लागून दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताण, जुनं रेशीम असेल तर तिथंच चिरतं, आणि चिरायचं तर गिऱ्हाइकासमोर चिरू दे, नंतर नको. खांद्याशी पिनांची भोकं बघ. फॉल उसव, खाली मूळ रंगाचा पट्टा निघतो, वरची साडी किती विटलीय ते तिथं कळतं. बाईला हा पट्टा दाखवायचाच, नाहीतर जॅकेटात दोन रंग आले की तू बदललंस म्हणेल. पदर बहुतेक वेळा शाबूत असतो, त्यामुळे पाठीला पदर आणि बाह्यांना अंगातलं कापड असं मी करते. कापड काय आहे कळत नसेल तर एक धागा जाळ, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेशीम केस जळल्यासारखं. पॉलिस्टरला इस्त्री जपून. ओला पांढरा रुमाल घासून रंग जातोय का बघ, मग धुवायला रेशमाला रिठा, सुतीला गरम पाणी.

आणि अस्तर! माझी मोठी चूक. एका लग्नाच्या ऑर्डरची चौदा जॅकेटं, अस्तर नवं कोरं, मी पाण्यातनं न काढता लावलं, पहिल्या धुण्यात अस्तर आटलं आणि बाहेरून सगळी सुरकुतली. चौदाच्या चौदा उसवून दिली, दिवाळीच्या तोंडावर. तेव्हापासून अस्तर, फ्युजिंग (आतनं इस्त्रीनं चिकटवायचं कडक कापड) आधी भिजवून, वाळवून, मगच.

वाकळेची कामं मी आसपासच्या गावातल्या बायकांकडून घेते. धावदोरा त्यांचा हात बोलतो, मशीनला ते येत नाही. त्यांना नगावर पैसे दे, पण आकार बघून, आणि काम हातात आलं की लगेच. जून ते सप्टेंबर वाकळेची ऑर्डर घेऊ नकोस, वाळत नाही, वास येतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट आहे, हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला देऊ नकोस. गिऱ्हाइकाच्या कापडावर शिलाई म्हणजे सेवा, तिथं जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख, आणि नुसता मालच, तोही राज्यातच विकलास तर ४० लाख. राज्याबाहेर विकायला गेलीस तर नियम वेगळे, सीएला विचारूनच. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतंय, १५ हजारांचं टूलकिट आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत ५ टक्क्यांनी, शिवणकाम हातानं करतेस तर चौकशी कर. ब्रँडची जीन्स वापरलीस तर लेबल, लोगो काढून टाक, त्यांच्या नावावर विकलंस तर कायद्यात अडकशील.

'सस्टेनेबल' हा शब्द पाटीवर टाकायचा असेल तर टाक, पण नवी चेन, नवं अस्तर आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातनं कुरियर करून ओरडू नये असं मला वाटतं. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक विचारेल कदाचित, सांगलीचं नाही विचारणार, ते विचारतं शिवण उसवणार नाही ना.

साठ हजारांतले पंचवीस चांगल्या मशीनला आणि इंटरलॉकला, म्हणजे कापडाच्या कडा ओवायच्या मशीनला (जुनी घे, मेकॅनिकला बरोबर नेऊन), पाच फोटोसाठी पांढरी चादर, दोन दिवे, एक पुतळा, उरलेले हात न लावता ठेव, पहिले सहा महिने भाडं त्यातनं जाईल. घरातली खोली असेल तर ते पण नको. मिरजेहून सांगली काय लांब नाही, शनिवारी दुपारी ये, मी उसवायला बसवते, येताना घरातली एक जुनी सुती साडी आण, फॉल तसाच ठेवून.